बाभळीची साल, चुना आणि आपलं तोंड

अकोल्यातल्या एका वस्तीत, विहाराच्या ओसरीवर आम्ही तोंडाची तपासणी ठेवली होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा पुढे आला. ऑटो चालवतो, तब्येतीनं धडधाकट. तोंड उघड म्हटलं तर दोन बोटंसुद्धा धड आत जाईनात. हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवलं, तर दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागले. गालाचा आतला रंग गुलाबी नव्हता, पांढुरका पडला होता. त्याची आजी शेजारीच बसली होती, वय ऐंशीच्या घरात. ती म्हणाली, "मले पाहू दे." आम्ही तिलाही हातमोजा दिला. तिनं नातवाच्या गालाला आतून बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं. म्हणाली, "अवं माय, हे तं कमावल्यावानी झालं!"

कमावल्यावानी म्हणजे कमावलेल्या कातड्यासारखं. आजीचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं. तिचे वडील गावची मेलेली ढोरं ओढून न्यायचे, सोलायचे आणि कातडं कुंडावर पोचवायचे. १९५६ साली दीक्षा घेतली आणि वडिलांनी ते काम कायमचं टाकलं. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. पण कुंडाचा वास, बाभळीच्या सालीचं तांबडं पाणी आणि टांगलेली कातडी तिला अजून आठवतात. तिनं सहज बोललेलं ते वाक्य वैद्यकीयदृष्ट्या इतकं बरोबर आहे, की या महिन्याचं आरोग्याचं पान आम्ही त्यावरच लिहायला घेतलं. त्यासाठी आधी कातडं कसं कमावतात ते समजून घेऊ.

उन्हाळ्यात जनावर मेलं की काही तासांतच त्याचं कातडं सडायला लागतं. नुसतं वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं, भिजलं की पुन्हा सडतं, आणि उकळलं तर त्याचा सरस होतो. असं का होतं? कातडं म्हणजे बारीक धाग्यांचं विणकाम आहे. हे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. दोरीला जसे पीळ असतात, तसे त्यांचे एकात एक पीळ असतात आणि मधल्या जागेत पाणी असतं. जंतूंना हे प्रथिन म्हणजे आयतं जेवण. जंतूंना ते खाता येऊ नये, पाण्यानं कुजू नये आणि तरीही ते मऊ राहावं, असं करायचं म्हणजेच कातडं कमावायचं.

आपल्याकडची जुनी रीत अशी. कातडं आधी पाण्यात भिजवून रक्त, माती, मीठ काढायचं. मग ते चुन्याच्या कुंडात टाकायचं. तिथं आठ-दहा दिवस ते उलथंपालथं करत राहायचं. चुन्यानं केसांची मुळं सुटतात, कातडं फुगतं आणि आतले धागे एकमेकांपासून मोकळे होतात. मग ते लाकडी ओंडक्यावर पसरून दोन मुठींच्या बोथट सुरीनं केस खरवडायचे, उलटं करून आतलं मांस नि चरबी काढायची. पुढे धुऊन धुऊन चुना घालवायचा. काही ठिकाणी त्यासाठी आंबवलेल्या कोंड्याचं पाणी वापरत.

आता खरी साल येते. आपल्या वऱ्हाडात नाल्याकाठी, धुऱ्यावर बाभळीला तोटा नाही. वाळलेल्या बाभळीच्या सालीत साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असतं. टॅनिन म्हणजे तोच तुरटपणा, जो कच्चं केळ किंवा जांभूळ खाल्ल्यावर जिभेला लागतो. साल कुटून पाण्यात भिजवली की तांबूस-तपकिरी पाणी तयार होतं. कातडं आधी पातळ पाण्यात ठेवायचं, मग हळूहळू घट्ट पाण्यात. पहिल्याच दिवशी घट्ट पाण्यात टाकलं तर वरचा थर आवळून बंद होतो आणि आतला भाग कच्चा राहतो. पुढे ते कातडं मधूनच सडतं. ही गोष्ट कुंडावरच्या अंगठाबहाद्दर माणसाला पक्की ठाऊक होती.

शेवटी कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात कुटलेली साल आणि सालीचं पाणी भरायचं आणि लाकडाच्या तिकाटण्याला ती टांगायची. पाणी कातड्यातून पाझरत खाली ठेवलेल्या भांड्यात पडतं, ते उचलून पुन्हा वरून ओतायचं. दिवसरात्र हेच. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भाग खाली येतो आणि सगळीकडे सारखं मुरतं. मग हिरड्याचं पाणी, मग धुणं, तेल चोळणं, सावलीत वाळवणं. एका कातड्याला महिना सहज जायचा, कधी त्याहून जास्त. कोल्हापुरी चपलेचं कातडं आजही बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. चपलेची नक्षी कोणाची यावर सगळे बोलले. कुंडात कोणाचे हात होते, यावर फार थोडे.

त्या महिनाभरात कातड्याच्या आत काय होतं? टॅनिन धाग्यांच्या मधल्या जागेत शिरतं, पाण्याला बाहेर काढतं आणि एका धाग्याला शेजारच्या धाग्याशी बांधून टाकतं. एका ठिकाणी नाही, हजारो ठिकाणी. असे बांधलेले धागे जंतूंना खाता येत नाहीत. कच्चं कातडं साधारण ६० अंश उष्णतेच्या पाण्यात आकसून जातं. सालीनं कमावलेलं ७५-८० अंशांपर्यंत टिकतं. एक मात्र लक्षात ठेवा. कमावलेलं कातडं पुन्हा कच्चं करता येत नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

हे सगळं शास्त्र आहे. पुस्तकात नव्हतं, हातात होतं. गावागावांत थोडा फरक असेल, पण ढोर ओढण्याचं आणि सोलण्याचं काम महारांवर लादलेलं, कमावण्याचं ढोर आणि चांभार समाजाकडे. त्या कातड्याची मोट गावाच्या विहिरीत दिवसभर उतरायची, तिचं पाणी सगळा गाव वापरायचा. मोट विहिरीत चालायची, मोटेचं कातडं सोलणारा चालत नव्हता. आम्ही विज्ञानाचं शिक्षण घेतलेल्या बायका आहोत. यात विटाळाचं विज्ञान कुठं आहे ते आम्हाला आजवर सापडलेलं नाही.

पण जुन्या कामाचं कौतुक करताना आम्ही हात आखडता घेतो, कारण त्या कामानं शरीराचं काय केलं हे आम्ही नर्स म्हणून पाहू शकतो. चुन्यानं हातापायांची कातडी फाटायची, भेगांत पाणी शिरायचं, नखं कुजायची. सुरी लागली की धनुर्वाताची भीती. सगळ्यात वाईट म्हणजे फाशीचा रोग. याला काळपुळी म्हणतात, दवाखान्यात अँथ्रॅक्स. जनावर धडधाकट असताना अचानक मरतं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. असं जनावर सोललं की रक्तातले जंतू हवा लागून टणक बीजाचं रूप घेतात. ही बीजं जमिनीत कित्येक वर्षं टिकतात. चुन्यानं आणि सालीनं ती मरतीलच असं नाही. सोलणाऱ्याच्या हातावर आधी बारीक खाजरी पुळी येते, मग फोड, मग मधोमध कोळशासारखी काळी खपली. भोवती सूज असते, पण दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो.

महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, त्यात स्वाभिमान तर होताच, आरोग्यही होतं. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्यांनी एक जुनी आठवण सांगितली. वर्तमानपत्रातून लोक हिशेब मांडायचे, की मेलेल्या जनावराची कातडी, शिंगं, हाडं यांतून वर्षाला पाचशे रुपये सुटतात, ते सोडायला सांगून हा पुढारी समाजाचं नुकसान करतोय. बाबासाहेबांचं म्हणणं होतं, हे काम तुम्हीच करा, पाचशे रुपये तुम्हीच घ्या, वर मीही देतो. आम्ही एवढंच म्हणू, की त्या हिशेबाच्या वहीत काळपुळीचा, धनुर्वाताचा, फाटलेल्या हातांचा रकाना कोणी आखलाच नव्हता.

हे आज कशाला सांगायचं? आपल्यातले बहुतेक जण त्या कामात नाहीत. पण शेळ्या, एखादी गाय-म्हैस वस्तीच्या कडेच्या घरांत आजही आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा अकोला, बुलढाणा, अमरावतीत कितीतरी ढोरं मेली आणि ती उचलायला पुन्हा आपल्याच वस्तीत निरोप आले. लम्पी माणसाला होत नाही. फाशी होते. म्हणून जनावर अचानक मेलं असेल, रक्त वाहत असेल तर हात लावू नका, सोलू नका, मांस वाटू नका, कुत्र्यांना तोडू देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. अंगावर न दुखणारी काळी खपली दिसली तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि 'जनावराला हात लावला होता' हे आपणहून सांगा. साध्या प्रतिजैविकानं हा आजार बरा होतो, वेळेवर गेलात तर.

आता सालीकडे परत येऊ. ती अजूनही आपल्या घरात आहे. हिरड्या सुजल्या की बाभळीच्या काढ्याच्या गुळण्या करतात. चार-सहा दिवस करायला हरकत नाही, तुरटपणानं हिरडी आवळते, रक्त कमी येतं. पण भाजलेल्या जागी सालीची पूड लावणं, अंगावरून पांढरं जातं म्हणून आतून काढ्यानं धुणं, हे करू नका. आतली नाजूक त्वचा आवळते, सोलवटते आणि खरा आजार लपून राहतो. लेकराला हगवण लागली तर काढा नको. ओआरएसचं पाणी आणि झिंकची गोळी द्या.

टॅनिनची दुसरी खोडी कुंडावरच्या लोकांना माहीत होती. सालीच्या पाण्याला ते लोखंड लागू देत नसत. लोखंडी भांडं किंवा खिळा लागला की कातड्यावर काळा डाग पडतो, तो निघत नाही. टॅनिन आणि लोह भेटले की शाई होते; पूर्वी हिरडा आणि लोखंड मिळून काळी शाई करतच असत. हे घरी करून पाहा. कोऱ्या चहात आयर्नच्या गोळीचा चुरा टाका, चहा काळाठिक्कर पडेल. चहात टॅनिन असतं. आपल्या बाया दवाखान्यातून मिळालेली लाल गोळी चहाच्या घोटासोबत गिळतात, तेव्हा हेच पोटात होतं. लोह टॅनिनला चिकटतं, रक्तात फार थोडं जातं. मग "तीन महिने गोळ्या खाल्ल्या तरी रक्त वाढेना" म्हणतात. गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम.

आता त्या पोराच्या तोंडाकडे येऊ.

तो सोळाव्या वर्षापासून खर्रा खातो. दिवसाला सहा-सात पुड्या. खर्ऱ्यात काय असतं हे आपल्या भागात लहान लेकरूही सांगेल: सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. आता हे कुंडाशेजारी ठेवून पाहा. चुना तिथंही आधी येतो, इथंही. तिथं तो कातडं फुगवून वाट मोकळी करतो. इथं तो गालाच्या आतल्या मऊ अस्तराला रोज थोडं थोडं भाजतो आणि बाकीच्या गोष्टींना आत जायला वाट करून देतो. मग टॅनिन. सुपारी टॅनिननं भरलेली असते. पानातला काथ खैराच्या लाकडाचा, तोही कातडं कमावायला चालतो. कुंडात साल महिनाभर पाझरत ठेवतात. आपली पोरं खर्ऱ्याची गोळी गालात तासन्‌तास धरून ठेवतात, रोज, वर्षानुवर्षं. गालाच्या आत धागे कसले? तेच, कोलॅजनचे. टॅनिन त्यांना बांधून घट्ट करतं. शरीर रोज जुने धागे मोडून नवे घालत असतं, पण बांधलेले धागे त्याला मोडता येत नाहीत.

जिवंत माणसात आणखी वाईट गोष्ट घडते, जी मेलेल्या कातड्यात घडत नाही. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्य पेशींना जास्तीचे धागे बनवायला लावतं. सुपारीतलं तांबं त्या धाग्यांना आणखी घट्ट जोडतं. म्हणजे धागे जास्त बनतात आणि मोडत मात्र नाहीत. गाल ताठ होतो, तोंड बंद होत जातं. दवाखान्यात याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. आज आपल्या तपासणीत तो मिसरूड न फुटलेल्या पोरांत दिसतो. यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. आणि "मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी ऐकावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाच कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते ते आपण जाणताच. खर्रा तर टपरीवर समोरच घोटून मिळतो आणि तो आणायला घरातलंच लेकरू धाडतात. हे मात्र आम्हाला खटकतं आणि आम्ही ते प्रत्येक वस्तीत तोंडावर बोलतो.

घरच्या घरी तपासा. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून आपल्याच हाताची पहिली, मधली आणि तिसरी अशी तीन बोटं उभी दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर दवाखाना गाठा. त्याही आधी खुणा दिसतात: तिखट खाल्लं की आग होते, शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, गाल आतून पांढुरका दिसतो. तोंडातली जखम दोन आठवडे भरली नाही तर थांबू नका. अकोल्यात सर्वोपचारला, अमरावतीत इर्विनला दातांच्या विभागात दाखवा. कॅन्सरची शंका असेल तर ते नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात पाठवू शकतात. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

खर्रा सोडला की तोंड पहिल्यासारखं होतं का? आम्ही खोटी आशा देत नाही. कमावलेलं कातडं कच्चं होत नाही, तसे बांधले गेलेले धागे पूर्ण सुटत नाहीत. पण सोडला की पुढचं आवळणं थांबू शकतं. औषधं, गालात इंजेक्शनं आणि तोंड उघडण्याचा व्यायाम यांनी काही प्रमाणात परत उघडतं. फारच बंद झालं असेल तर ऑपरेशन करावं लागतं.

त्या पोरानं दोन महिन्यांपूर्वी खर्रा सोडला. पहिले पंधरा दिवस डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, आजीशी भांडणं झाली. आता तो दातांमध्ये आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची थप्पी धरून व्यायाम करतो. दिवसातून चार-पाच वेळा, हळूहळू, जोर न लावता. जमलं की एक काडी वाढवायची. काड्या आजीच मोजते. सुरुवातीला अकरा जायच्या, परवा तेरा गेल्या. पुढची मोजणी पौर्णिमेला, वंदनेनंतर विहारात आहे. त्याच दिवशी बाकीच्यांचीही तपासणी करू. येताना खर्रा खिशात आणू नका.